कॉकपिटमधला वाचक आणि खिडकीतला वाचक

मे महिन्यातल्या भर दुपारी सोलापूरचा विमानतळ जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याइतका उंच होतो. विमानतळाशेजारी होटगी रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला हे सांगितलं तर तो उन्हाचा परिणाम समजेल. पण हिशेब सरळ आहे आणि कागदावर दोन मिनिटांत मांडता येतो.

होटगी रस्त्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण ४८० मीटरवर, म्हणजे १,६०० फुटांच्या आसपास आहे. थंडी असो की उन्हाळा, ती तिथेच असते. विमानाला मात्र जमिनीची उंची कळत नाही. त्याला कळते फक्त हवेची घनता. त्यासाठी विमानशास्त्राने एक प्रमाण हवा ठरवून ठेवली आहे. समुद्रसपाटीला तिचं तापमान १५ अंश सेल्सियस असतं आणि वर जाताना दर हजार मीटरला ते साडेसहा अंशांनी उतरतं. त्या मापाने सोलापूरच्या उंचीवर १२ अंश असायला हवेत. सोलापूरच्या मे महिन्याला हे कोण सांगणार? पारा ४३वर असतो. फरक पडला ३१ अंशांचा. तापलेली हवा फुगते, विरळ होते आणि फरकाच्या दर अंशामागे विमान आणखी सुमारे १२० फूट उंचावर असल्यासारखं वागू लागतं. ३१ गुणिले १२० म्हणजे ३,७२० फूट. त्यात मूळचे १,६०० मिळवले की बेरीज ५,३०० फुटांच्या पुढे जाते. मीटरमध्ये १,६०० हून थोडी जास्त. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. महाबळेश्वर तर आपण केव्हाच खाली सोडलं.

वैमानिक या उंचीला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. ती वाढली की इंजिनाला हवा कमी मिळते, पंखांना आधार कमी मिळतो आणि जमीन सोडण्यासाठी जास्त लांब धावावं लागतं. प्रवाशाला यातलं काहीच जाणवत नाही. त्याला एवढंच वाटतं, की आज विमान जरा उशिरा उचललं.

वैमानिकांच्या आठवणींच्या पुस्तकांत असा मजकूर पानोपानी असतो. कितीतरी वाचक तो ओलांडून पुढे जातात. मग प्रश्न पडतो, की ही पुस्तकं नेमकी कोणासाठी असतात? ज्याने विमान कधी चालवलं नाही त्याला ती जितकी भुरळ घालतात, तितकीच ज्याचा तो रोजचा धंदा आहे त्यालाही घालतात का? की हलवायाला जिलेबीचं काय कौतुक, तशी गत होते?

उत्तर शोधायला आग्र्याला जाऊ. अर्नेस्ट गॅन हा अमेरिकन वैमानिक दुसऱ्या महायुद्धात भारतात मालवाहू विमानं चालवत होता. त्या काळात हिंदुस्थानातून हिमालयाच्या रांगा ओलांडून चीनला रसद पोचवली जात होती. १९६१मध्ये आलेल्या 'फेट इज द हंटर' या त्याच्या आठवणींत आग्र्याहून केलेल्या एका उड्डाणाची हकिगत आहे. विमान सी-८७, चार इंजिनांचं, बॉम्बफेकी लिबरेटरचं मालवाहू रूप. हवा तापलेली. ठरवल्यापेक्षा जास्त इंधन टाक्यांत भरलं गेलेलं. विमानाने जमीन कशीबशी सोडली, पण ते वर चढेना. आणि समोर ताजमहाल.

शेवटच्या क्षणी गॅनने पंखांच्या मागच्या कडेची झडपं, म्हणजे फ्लॅप्स, पूर्ण खाली सोडायला लावली. विमान एकदम वर उचललं गेलं आणि ताजवरून पार झालं.

हे पान वाचताना तुम्हाआम्हाला दिसतो तो ताज. शाहजहानची तीनशे वर्षांची पुण्याई एका घामाघूम अमेरिकनाच्या हातात, ही कल्पनाच श्वास रोखायला पुरेशी आहे. विमान चालवणारा वाचक त्याच पानावर थांबतो, पण ताजपाशी थांबत नाही. त्याची नजर फ्लॅप्सच्या दांड्यावर खिळते. फ्लॅप्स खाली गेले की पंखाचा बाक वाढतो आणि उचल क्षणात वाढते. त्याबरोबर हवेचा विरोधही वाढतो, वेग घसरू लागतो, आणि आधीच धापा टाकणाऱ्या विमानाचा वेग घसरला तर ते पडायला वेळ लागत नाही. म्हणजे मिळालेली उंची ही हातउसने घेतलेली रक्कम आहे. काही सेकंदांत व्याजासकट फेडायची. आधी उसनी घ्यावी तर ताजपर्यंत ती पुरणार नाही, उशीर करावा तर घेऊन उपयोग नाही. वैमानिक वाचकाच्या अंगावर काटा येतो तो या वेळसाधनेपायी. आणि त्याआधी दोन ओळींत येऊन गेलेल्या इंधनाच्या आणि उन्हाच्या उल्लेखापायी, जो तुम्हीआम्ही नीट वाचलेलाही नसतो.

दोघंही हरखले, पण वेगवेगळ्या ओळींवर. आता मजा बघा. सोलापूरच्या दुपारचा वरचा हिशेब ज्याने नुकताच वाचला, तो ही हकिगत पुन्हा वाचेल तेव्हा त्याला उन्हाची ती ओळही दिसेल. कळसूबाईएवढ्या उंच झालेल्या जमिनीवरून जड विमान उचलणं म्हणजे काय, याचा अंदाज त्याला असेल. ताज तर त्याच्यासाठी आहेच. त्याचा थरार वाढला, कमी झाला नाही. रुक्ष वाटणाऱ्या माहितीने आश्चर्य मरतं हा आपला समज किती चुकीचा आहे, ते इथे कळतं.

दोन्ही वाचकांच्या जागा एकदा नीट पाहायला हव्यात, कारण दोघांच्याही वाट्याला आकाश अर्धंच आलेलं असतं.

प्रवाशाकडे खिडकी आहे. ९ जून २०२५ रोजी सोलापूर-गोवा विमानसेवा सुरू झाली, ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबईची. जिथे वर्षानुवर्षं विमान हा बातमीचा आणि वादाचा विषय होता, तिथल्या माणसाला आता आपला मुलूख वरून दिसू लागला आहे. गोव्याला निघालेल्या विमानाच्या खिडकीतून आधी दिसते करड्या-तपकिरी जमिनीत भीमेच्या काठाने धरून ठेवलेली उसाची हिरवी पट्टी. मग कृष्णेचं खोरं येतं, हिरवा रंग दाट होत जातो आणि सह्याद्रीची कड आली की जमीन अचानक संपल्यासारखी खाली जाते. पर्जन्यछाया ही शाळेच्या भूगोलातली आकृती इथे तासाभराच्या आत डोळ्यांखालून सरकते. पाहण्याची ही हौस विमानापेक्षा फार जुनी आहे. 'रघुवंशा'च्या तेराव्या सर्गात कालिदासाने राम-सीतेला पुष्पक विमानातून अयोध्येला आणलं आहे आणि वाटेतला समुद्र, रानं, नद्या वरून दाखवल्या आहेत. जमिनीवरून कधी न उठलेल्या कवीने लिहिलेलं हे हवाई प्रवासवर्णन आजही खिडकीजवळची जागा मागून घेणाऱ्या प्रत्येकाचं आहे. पण खिडकीतल्या माणसाला आपण नेमके कशावर टिकून आहोत, पुढे बसलेली दोन माणसं या क्षणी काय ठरवत आहेत, याचा पत्ता नसतो.

पुढच्या दोघांचं नेमकं उलट असतं. त्यांना सगळं कळत असतं, पण पाहायला फुरसत नसते. उड्डाण आणि उतरणं हे खिडकीतून सर्वांत सुंदर दिसणारे दोन काळ. कामाचा सर्वांत जास्त ताणही त्याच वेळी असतो. दहा हजार फुटांच्या खाली असताना कॉकपिटमध्ये कामाव्यतिरिक्त बोलायचं नाही, असा विमान कंपन्यांमधला शिरस्ता आहे. वेग, उंची, दिशा, इंजिनाचे आकडे, नियंत्रण कक्षाच्या सूचना, धावपट्टीवरचा वारा. या काळात खाली पंढरपूरजवळचं भीमेचं चंद्रकोरीसारखं वळण येऊन गेलं तरी त्याची नोंद घ्यायला वैमानिक मोकळा असेलच असं नाही.

आठवणींचं पुस्तक या दोघांनाही त्यांचं हुकलेलं अर्ध परत देतं. प्रवाशाला ते कॉकपिटमधलं ज्ञान देतं, तर वैमानिकाला कामाच्या गर्दीत पाहायची राहून गेलेली खिडकी. ब्रिटिश एअरवेजची जंबो विमानं चालवणाऱ्या मार्क व्हॅनहोनॅकरचं 'स्कायफेअरिंग' हे पुस्तक २०१५मध्ये आलं आणि खूप वाचलं गेलं. त्यात ना अपघात, ना युद्ध. रोजच्या नोकरीतला पाऊस, रात्र, अंतर, दूरच्या शहरात उतरल्यावर मन मागे राहून जाणं, एवढंच आहे. ज्याने ही नोकरी केली आहे तो ते वाचतो, तेव्हा आपण इतकी वर्षं कुठून येत-जात होतो हे त्याला सावकाश पाहता येतं.

ढगांच्या बाबतीत मात्र दोन्ही वाचक एकमेकांपासून फार दूर जातात. सोलापूरला ढगांचं महत्त्व सांगायची गरज नाही. जूनमध्ये कोरडे ढग डोक्यावरून मराठवाड्याकडे निघून जाताना पाहणं ही इथली जुनी सवय. म्हणूनच पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी सोलापूर निवडलं. 'कायपीक्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रयोगात एक विमान ढगाच्या तळाखाली जाऊन पंखांना लावलेल्या नळकांड्यांतून कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडत असे आणि दुसरं मोजमाप करत असे. मिठासारखे हे कण वाफ ओढून घेतात, थेंब मोठे होतात, मोठे थेंब खाली येताना लहानांना गिळतात आणि पाऊस पडण्याइतके जड होतात. एकूण २७६ ढग निवडले गेले. त्यांतल्या कोणत्या ढगात बीजं पेरायची आणि कोणता तसाच सोडायचा हे आधी ठरवलेलं नसे, नशिबावर सोडलेलं असे, म्हणजे तुलना प्रामाणिक होते. १०० चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात सरासरी १८ टक्के जास्त पाऊस, असा निष्कर्ष २०२३मध्ये प्रसिद्ध झाला.

आता विचार करा, या वैमानिकांचं काम काय होतं? इतर वैमानिक ज्या ढगांना वळसा घालून जातात, ते शोधून त्यांच्या पोटाखाली जायचं. खालून आपल्याला जे आषाढाचं चित्र वाटतं, तिथे आत वर उसळणारा आणि खाली कोसळणारा वारा शेजारी शेजारी असतो. आणि ढगात शिरल्यावर त्याहून वाईट गोष्ट घडते: माणसाचा स्वतःचा कान त्याला फसवू लागतो.

आपल्या अंतर्कर्णात अर्धवर्तुळाकार अशा तीन नलिका आहेत, त्यांत द्रव आहे. डोकं वळलं की नलिका वळते, द्रव मागे रेंगाळतो, त्यातले सूक्ष्म केस वाकतात आणि मेंदूला कळतं, की आपण वळतोय. पण विमान एकाच गतीने वळत राहिलं तर साधारण वीसेक सेकंदांत द्रवही नलिकेच्या वेगाने फिरू लागतो. केस सरळ होतात. मेंदू म्हणतो, आता आपण सरळ चाललोय. विमान वळतच असतं. डोळ्यांना क्षितिज दिसत असेल तर ही फसवणूक लगेच उघडी पडते. ढगात क्षितिज नसतं. आता वैमानिकाने वळण थांबवलं तर द्रव पुढे धावतो आणि मेंदूला शपथेवर वाटतं, की विमान उलट्या बाजूला वळतंय. तो ते 'दुरुस्त' करतो, म्हणजे पुन्हा पहिल्या वळणात शिरतो. नाक खाली जातं, वेग वाढतो, घाबरून तो दांडा ओढतो आणि वळण आणखी आवळत जातं.

१९५४मध्ये इलिनॉय विद्यापीठात नुसत्या यंत्रांवर विसंबून उडण्याचं शिक्षण न घेतलेल्या वीस वैमानिकांना, बाहेरचं काही दिसणार नाही अशा स्थितीत उडवून पाहिलं गेलं. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला. सरासरी वेळ १७८ सेकंद. तीन मिनिटंसुद्धा नाहीत.

हे माहीत असलेला माणूस पुस्तकात ढगात शिरण्याचं वर्णन वाचतो तेव्हा त्याच्या मनात घड्याळ सुरू होतं. लेखकाने पांढऱ्या धुक्याचं काव्य केलं असेल तर तो अस्वस्थ होतो, कारण त्याला हवं असतं वेगळंच. यंत्रावर क्षितिज सरळ दिसतंय आणि सारं शरीर ओरडून सांगतंय की आपण कलंडलोय, अशा वेळी या लेखकाने कोणाचं ऐकलं? शरीराचं न ऐकणं किती कठीण गेलं? हे ज्याने लिहिलं, त्याला वैमानिक आपला मानतो. आणि नवल म्हणजे, कानाची ही गोष्ट एकदा समजली की ढगातली ती पानं तुम्हाआम्हालाही काव्याहून जास्त झपाटून टाकतात. स्वतःच्या देहाविरुद्ध एका काचेच्या तबकडीवर विश्वास ठेवायचा, याहून विलक्षण संघर्ष कादंबरीत तरी कुठे मिळणार?

तरीही वैमानिक प्रत्येक गाजलेल्या पुस्तकावर खूश असतात असं नाही. आंत्वान द सेंट-एक्झुपेरी हे या प्रांतातलं सर्वांत मोठं नाव. दक्षिण अमेरिकेत टपालाची विमानं रात्री उडवण्याच्या दिवसांवर त्याने लिहिलेली 'नाइट फ्लाइट' ही कादंबरी १९३१मध्ये फ्रान्समध्ये गाजली, तिला फेमिना पुरस्कार मिळाला. पण टपाल कंपनीतल्या काही सहकाऱ्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. या पुस्तकापायी आपल्याच माणसांत आपण परके झालो, असं दुःख त्याने आपला मित्र आणि सहवैमानिक आंरी गियोमे याला पत्रात लिहिलं. सहकाऱ्यांचा राग समजण्यासारखा आहे. टपाल रात्री पोचवणं हे मेकॅनिक, बिनतारी संदेशवाले, हवामान कळवणारे अशा शेकडो हातांचं काम. पुस्तकावर नाव मात्र एकाचं. शिवाय ज्याने रोज तेच केलं, त्याला त्यात शौर्य दाखवलं की संकोच वाटतो.

पण याच लेखकाने १९३९च्या 'विंड, सँड अँड स्टार्स'मध्ये गियोमेची हकिगत लिहिली. १९३०च्या जूनमध्ये, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात, अँडीज पर्वतात गियोमेचं विमान उतरलं आणि तो बर्फातून पाच दिवस चालत खाली आला. याच पुस्तकात १९३५च्या डिसेंबरअखेर लिबियन वाळवंटात स्वतःचं विमान आदळल्यावर मेकॅनिक प्रेव्होबरोबर तहानेने काढलेले दिवसही आहेत. मित्राला नायक करताना त्याने स्वतःला बाजूला ठेवलं, आणि स्वतःची गोष्ट सांगताना आपली चुकलेली दिशा लपवली नाही. वैमानिक वाचक एवढंच मागतो. लेखकाने कुठे चुकलो ते सांगावं, कारण त्या चुकीवर दुसऱ्याचा जीव वाचू शकतो. कामावरून परतल्यावर हँगरमध्ये रंगणाऱ्या वैमानिकांच्या गप्पांचाही हाच हेतू असतो. गॅनच्या पुस्तकाच्या सुरुवातीला, उडताना गेलेल्या सहकाऱ्यांच्या नावांची लांबच लांब यादी आहे. आपण ती चाळून पुढे जातो. त्या धंद्यातला माणूस एकेका नावाशी रेंगाळत असेल.

बेरिल मार्कहॅमचं उदाहरण तर दोन्ही वाचकांना एका पानावर आणून बसवतं. केनियात वाढलेल्या या बाईने सप्टेंबर १९३६मध्ये इंग्लंडहून पश्चिमेकडे, वाऱ्याच्या विरुद्ध, एकटीने अटलांटिक ओलांडला. विमानात जादा टाक्या बसवलेल्या. पद्धत अशी, की एक टाकी पूर्ण रिकामी होऊ द्यायची, इंजिन बंद पडलं की दुसऱ्या टाकीची तोटी उघडायची. रात्री, समुद्रावर, इंजिन बंद पडतं. शांतता. ती अंधारात तोटी चाचपते. न उडणाऱ्याला हा मृत्यूचा क्षण वाटतो. उडणाऱ्याला ठाऊक असतं की हे ठरल्याप्रमाणे चाललं आहे, आणि ठरल्याप्रमाणे चाललेली गोष्टसुद्धा किती भयंकर असू शकते हेही ठाऊक असतं. पलीकडचा किनारा दिसल्यावर टाकीच्या हवेच्या वाटेत बर्फ साचून इंधन थांबलं आणि ती नोव्हा स्कोशियाच्या दलदलीत नाकावर उतरली. १९४२मधलं 'वेस्ट विथ द नाइट' हे तिचं पुस्तक विस्मरणात गेलं होतं. हेमिंग्वेने एका पत्रात केलेली त्याची स्तुती पुढे सापडली आणि १९८३मध्ये ते पुन्हा छापलं गेलं. वैमानिकाचं पुस्तक वर आणलं ते वैमानिक नसलेल्या वाचकाने.

आपल्याकडची गोष्ट घ्या. ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर ऑगस्ट २०२५मध्ये पुण्यात वारले. १९७१च्या युद्धात त्यांचं सुखोई विमान पाडलं गेलं आणि ते रावळपिंडीच्या युद्धकैद्यांच्या छावणीत पोचले. १२ आणि १३ ऑगस्ट १९७२च्या मधल्या रात्री भिंतीला भोक पाडून एम. एस. ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या सहकैद्यांसह ते निसटले आणि अफगाण सीमेच्या अगदी तोंडाशी, लंडीकोतलला, पकडले गेले. फेथ जॉन्स्टन यांच्या 'फोर माइल्स टू फ्रीडम' या पुस्तकात ही हकिगत आहे, सिनेमाही निघाला. आपण वाचतो ती भिंत, ती रात्र, ते हुकलेले चार मैल.

पण पकडले गेले कशामुळे? त्यांनी लंडीखान्याला कसं जायचं हे विचारलं. नकाशात ते रेल्वेचं शेवटचं स्टेशन होतं. प्रत्यक्षात इंग्रजांनी ते १९३२मध्येच बंद केलं होतं. चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या स्टेशनाची चौकशी करणारी ही माणसं कोण, हा संशय पुरेसा झाला. विमान चालवणारा या ठिकाणी कळवळतो, कारण जुना नकाशा हे त्याच्या धंद्यातलं पहिलं पाप. हवाई नकाशे आणि माहिती दर २८ दिवसांच्या चक्राने जगभर एकदम बदलली जाते. सोलापूरकरांनाही हे अनुभवाने कळायला हरकत नाही: सिद्धेश्वर साखर कारखान्याची सहवीजनिर्मितीची उंच चिमणी मोठ्या वादानंतर जून २०२३मध्ये पाडली गेली, तेव्हा शहरासाठी ते राजकारण होतं, शेतकरी सभासदांसाठी दुःख होतं, आणि वैमानिकांसाठी नकाशावरचा एक अडथळा कमी झाला होता. परुळकरांची दुसरी हकिगत १९६५ची. उजव्या हाताला जखम झालेली असताना त्यांनी हंटर विमान परत आणून उतरवलं. सिनेमाला पलायन जास्त मानवतं. पण जखमी उजव्या हाताने तो दांडा कसा सांभाळला असेल, हे ज्याने लढाऊ विमान उतरवलं आहे त्यालाच पुरतं उमगेल.

हवाई दलातल्या कित्येक आठवणींत पहिल्या एकट्या उड्डाणाचं प्रकरण असतं. भारतात अनेक पिढ्यांनी हे उड्डाण एचटी-२ या विमानातून केलं. ते घडवलं गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपूच्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी. जर्मनीत ग्योटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांच्याकडे शिकून आलेला हा कोल्हापूरकडचा माणूस. त्याचं विमान ऑगस्ट १९५१मध्ये प्रथम उडालं. एकट्या उड्डाणात बाहेरच्या वाचकाला भावतं ते एकटेपण, मागची रिकामी जागा. वैमानिक मात्र एका गोष्टीला हसून मान डोलवतो: शिक्षक उतरल्यामुळे एका माणसाचं वजन कमी झालेलं असतं आणि विमान अपेक्षेपेक्षा लवकर, आगाऊपणे वर उडी घेतं. पुस्तकात ही उडी आली की त्याला कळतं, लेखक तिथे खरोखर होता.

सोलापूरच्या वाचकाला हा सगळा प्रकार ओळखीचा वाटेल. मारुती चितमपल्ली याच शहरात १९३२मध्ये जन्मले आणि १८ जून २०२५ला इथेच गेले. हयात वनखात्याच्या नोकरीत गेली आणि 'चकवाचांदण' हे आत्मकथन त्यांनी लिहिलं. २००६च्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांची पुस्तकं वनरक्षकाच्या टेबलावरही असतात आणि जंगलात कधी रात्र न काढलेल्या पुण्या-मुंबईच्या घरांतही. वनरक्षक त्यांत खुणा पडताळून पाहत असणार, शहरी वाचक त्यांत हरवून जात असणार. पण दोघांना बांधून ठेवणारी गोष्ट एकच. चितमपल्ली 'एक पक्षी ओरडला' असं लिहून सोडून देत नाहीत. कोणता पक्षी, कोणत्या झाडावर, कोणत्या ऋतूत, हे सांगतात. नेमकेपणाने जाणकाराचा विश्वास बसतो आणि अजाणकाराचे डोळे उघडतात.

तर आवडतात का ही पुस्तकं दोघांना सारखीच? सरासरी पुस्तकापुरतं उत्तर 'नाही' असं आहे. भडक पुस्तक बाहेरच्यांना आवडतं आणि वैमानिक ते मिटून ठेवतो. कोरडं पुस्तक वैमानिकाला उपयोगी पडतं आणि आपण ते मिटून ठेवतो. चांगल्या पुस्तकात मात्र तापमान, वजन, इंधन आणि वारा हेच कथानक असतं, त्यामुळे तपशील आणि थरार वेगळे काढताच येत नाहीत. वाचकाला कंटाळा येईल म्हणून 'तांत्रिक' पानं गाळायला सांगणारा संपादक जाणकाराची खात्री काढून घेतो आणि आपल्याकडून नवल.

बारामती, धुळे, गोंदिया अशा ठिकाणी आता मराठी घरांतली मुलंमुली उडायला शिकत आहेत. त्यांच्यापैकी कोणी पुढे मराठीत लिहायला बसेल, तेव्हा एवढंच करावं. आकाश किती निळं होतं हे थोडक्यात सांगावं, ते आम्ही खिडकीतून पाहतोच. त्या दिवशी पारा किती होता, टाकीत किती इंधन होतं, परत फिरायचं की पुढे जायचं हे कोणत्या क्षणी ठरवलं आणि ठरवताना पोटात काय झालं, ते मात्र सविस्तर लिहावं. आम्हाला कळणार नाही अशी शंका आलीच तर एक परिच्छेद जास्त लिहून समजावावं. वाचायची आमची तयारी आहे.